नाबोइशोतील तीन रात्री: मसाईंच्या जमिनीवर पाहुणे म्हणून

मसाई मारा पाहायला केनियाला जाणारी आपली मंडळी बहुधा सरकारी अभयारण्यातच मुक्काम करतात. आम्ही मात्र गेल्या ऑगस्टमध्ये त्याच्या सीमेला लागून असलेल्या नाबोइशो संवर्धनक्षेत्रात तीन रात्री राहिलो. ही जमीन मसाई या तिथल्या पशुपालक समाजातील सुमारे ५०० मालकांची आहे. सामाईक कुरणांची वाटणी होऊन प्रत्येकाच्या नावावर तुकडा लागल्यावर कुंपणे पडतील आणि वन्यप्राण्यांच्या वाटा तुटतील, ही भीती होती. म्हणून २०१० मध्ये या मालकांनी आपले तुकडे एकत्र जोडून पर्यटन व्यावसायिकांना भाड्याने दिले. 'नाबोइशो' म्हणजे एकत्र येणे. भाडे मिळते, ठरलेल्या वेळी गुरेही चरतात. १९०४ आणि १९११ च्या करारांनी ब्रिटिशांनी मसाईंची उत्तरेकडील कुरणे काढून घेतली, हे आमच्या मसाई वाटाड्याने सिंह दाखवण्याआधी सांगितले, आणि ते योग्यच होते.

एका घरी आजीबाई शेण-मातीचा गोळा तळहाताने भिंतीवर दाबत होत्या; घर बांधणे हे तिथे बायकांचे काम. आत चुलीच्या धुरात एक वासरू बांधलेले होते, आणि सारवणाचा तो वास मला थेट आमच्या गावच्या ओसरीवर घेऊन गेला. जमिनीचे कागद मात्र बहुतांशी पुरुषांच्या नावे असल्याने भाडेही त्यांच्याच हाती जाते, ही गोष्ट मला खुपली.

जाणाऱ्यांनी आरक्षणापूर्वीच भाडे कोणाला आणि कसे मिळते, हे विचारावे. पहिल्या दिवशी रस्त्यालगतची एक मसाई वस्ती पाहण्यासाठी चालकाने आमच्याकडून माणशी पैसे घेतले, आणि त्यातले फार थोडे वस्तीपर्यंत पोहोचल्याचे नंतर कळले. तेव्हा रक्कम वस्तीतल्या माणसांच्या हातीच द्यावी. परवानगीशिवाय छायाचित्र घेऊ नये. पीतज्वराची (यलो फीवरची) लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी, कारण परतताना भारतात तिचे प्रमाणपत्र मागतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, म्हणून खाऊ कापडी पिशवीत बांधावा. मण्यांचे दागिने ओवणाऱ्या बाईकडूनच घ्यावेत. मी घेतलेल्या माळेची किंमत तिने बोटांवर मोजून सांगितली, आणि मी घासाघीस न करता तेवढी तिच्या हातावर ठेवली.