सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आधुनिक कला बघायला

सोमवार सोडून जा. मुंबईची नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट सोमवारी बंद असते. सोलापूरहून साडेचारशे किलोमीटर जाऊन कुलूप बघण्यात मजा नाही.

आम्ही तिघं होतो: मी, भाची आणि मामा. मामांनी सगळं आयुष्य चादरीच्या जकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेसाठी, ग्राफ कागदावर नक्षी भरण्यात घालवलं. लॉकडाउनमध्ये माग थांबले आणि त्यांना घरी बसवेना. मे २०२० मध्ये याच संस्थेच्या दिल्लीतल्या गॅलरीने शिल्पकार रामकिंकर बैज यांच्या जयंतीनिमित्त ऑनलाइन फेरी ठेवली होती. पुढे जूनमध्ये तिची 'नैमिषा' कला-शिबिरंही ऑनलाइन झाली. भाचीने मोबाइल मामांसमोर धरला, तर मामांचा पहिला प्रश्न, "हे उंच किती हाय गं?" फोनवर ते कळत नाही. म्हणून ही सहल.

एक मात्र खरं. दारं बंद झाली तेव्हाच ही नॅशनल गॅलरी पहिल्यांदा आमच्या पेठेपर्यंत पोचली, एरवी आमच्यासाठी ती बंद असल्यासारखीच होती. पण घरात एकच फोन आणि त्यावर पोरांची शाळा, अशा घरांपर्यंत ती तेव्हाही पोचली नाही. ऑनलाइन म्हणजे सर्वांसाठी, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रात्रीची सिद्धेश्वर सकाळी सीएसएमटीला सोडते. प्रतीक्षालयात तोंड धुऊन काळा घोडा भागाकडे चालत निघालात तरी चालेल, मोठ्या माणसांसाठी टॅक्सी करा. गॅलरी आहे ती सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये. १९११ च्या या सभागृहात पूर्वी सभा आणि मैफली होत, १९९६ पासून इथे चित्रं आली. समोरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची गोष्ट आणखी वेगळी. ती इमारत पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालय होती, लोकांसाठी संग्रहालय म्हणून उघडली ती १९२२ मध्ये. अडचणीच्या काळात काम बदलणं या चौकाला नवं नाही.

गॅलरीत दालनं एकावर एक आहेत. गुडघे दुखत असतील तर आधी फोन करून वर जायची सोय विचारा, आणि सगळं बघायचा हट्ट धरू नका. आम्ही दोनच मजले निवांत पाहिले. मामा एका मोठ्या कॅनव्हासला नाक लावण्याइतके जवळ गेले, रखवालदाराने हळूच मागे यायला सांगितलं. मागे येत मामा म्हणाले, "ह्यो रंग वरनं भरलाय, ताण्यातला न्हाई." त्यानंतर अर्धा तास ते प्रत्येक चित्रात ताणा-बाणाच, म्हणजे विणीतले उभे-आडवे धागेच, शोधत होते. मला त्या चित्रांबद्दल एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांची चित्रं बघायचीच म्हणून गेलात तर आधी चौकशी करा, प्रदर्शनं बदलत असतात.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर न्या, मात्र दालनाबाहेर खा. वेळ उरला तर जवळच्या जहांगीर आर्ट गॅलरीत जा, तिथे तिकीट नाही. आणि ज्यांना प्रवास झेपत नाही त्यांना घरी बसून 'म्युझियम्स ऑफ इंडिया' या सरकारी पोर्टलवर चित्रं दाखवा. चित्राशेजारी लांबी-रुंदी दिली असेल तर तेवढा दोरा भिंतीवर ताणून दाखवायला विसरू नका.