स्क्रीनशॉट डिलीट कर

मागच्या आठवड्यात आमच्या विभागाच्या असाइनमेंट जमा करायच्या सिस्टिममध्ये दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला बग सापडला. ब्राउझरमधल्या पत्त्यातला शेवटचा आकडा त्याने एकने वाढवला आणि दुसऱ्याच कुणाचं तरी असाइनमेंट उघडलं. बस, एवढंच. त्याने मेल केला, चार ओळींचा. काय केलं, किती वेळा केलं (एकदाच), काय दिसलं, आणि दिसलेली फाइल डाउनलोड केलेली नाही. दीड तासात सिस्टिम सांभाळणाऱ्या बाईंचं उत्तर आलं, धन्यवाद, बघते. संध्याकाळपर्यंत दुरुस्ती झालेली. दुसऱ्या दिवशी लेक्चरला प्राध्यापकांनी त्या मुलाला विचारून तोच मेल पडद्यावर लावला आणि वर्गाला विचारलं, या रिपोर्टमध्ये काय राहून गेलंय?

वर्ग उत्साहाने चुका काढत होता. वेळ लिहिली नाही, कोणत्या अकाउंटवरून लॉगिन केलं ते लिहिलं नाही. तो मुलगाही हसत हसत नोंदी घेत होता. शेवटच्या बाकावर टीचिंग असिस्टंट म्हणून बसलेल्या मला मात्र घाम फुटला होता.

नेदरलँड्सला पीएचडीसाठी यायच्या आधी मी सात वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात सायबर सिक्युरिटी शिकवत होते, हे इथे नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहे. शिकवत होते म्हणजे युनिट एक ते युनिट सहा. सीझर सायफर, प्लेफेअर या जुन्या गुप्तलिपी, मग डीईएस या संगणकी गुप्तलिपीच्या १६ फेऱ्या आकृतीसह स्पष्ट करा. डीईएस तोपर्यंत कधीच मोडीत निघालं होतं, पण पेपरात यायचं, त्यामुळे फळ्यावरही यायचं.

तर तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा एकदा स्टाफरूममध्ये आला. निकालाच्या पोर्टलवर पत्त्यातला सीट नंबर बदलला की दुसऱ्याची मार्कशीट उघडत होती, आईच्या नावासकट, मोबाइल नंबरासकट. म्हणजे हाच बग, तंतोतंत. मोबाइल माझ्यापुढे धरताना शाबासकी मिळणारच अशी त्याची खात्री होती. मी म्हटलं, "आधी दार लोटून घे. अजून कुणाला दाखवलंस?" नाही म्हणाला. "स्क्रीनशॉट डिलीट कर. माझ्यासमोर." त्याने केला. मग मीच त्याला म्हटलं, "रिसेंटली डिलीटेडमधूनही काढ." तेही केलं. "आणि हे आपण बोललोच नाही, कळलं?" "हो मॅडम," म्हणाला आणि गेला.

आता माझी बाजू ऐका. आयटी कायदा २००० चा. कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं हीच आगळीक. तेच अप्रामाणिकपणे किंवा लबाडीने केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच्या मनात लबाडी नव्हती हे मला दिसत होतं. पण ते ठरवणार कोण, कुठल्या टेबलावर, आणि तोवर त्याच्या प्लेसमेंटचं काय? वीस वर्षांच्या पोराला मी त्यात ढकलायला हवं होतं का? सर्ट-इन ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था २००४ पासून आहे, त्यांना त्रुटी कळवता येते, हे आज मी सांगू शकते. त्या दिवशी मला ते सुचलंही नाही. आणि मी शिकवत होते सायबर सिक्युरिटी.

इथे त्रुटी कळवणं हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे, आणि त्याचं मला इतकं कौतुक आहे की नवरा म्हणतो आता पुरे. डच सायबर सुरक्षा केंद्राने जानेवारी २०१३ मध्ये मार्गदर्शिकाच काढली: त्रुटी सापडली तर आधी मालकाला गुपचूप कळवा, त्याला दुरुस्तीला वेळ द्या, सॉफ्टवेअरला साधारण ६० दिवस, हार्डवेअरला सहा महिने, आणि नियम पाळणाऱ्यावर मालकाने तक्रार करू नये. सरकारी यंत्रणेतली त्रुटी कळवणाऱ्याला हे केंद्र एक काळा टी-शर्ट पाठवतं. त्यावर लिहिलेलं असतं, मी डच सरकार हॅक केलं आणि मिळालं काय, तर हा फडतूस टी-शर्ट. आमच्या मजल्यावर एकाकडे आहे. अक्षरं धुऊन धुऊन तडकलीत, पण पठ्ठ्या बैठकीला मुद्दाम तोच घालून येतो. मी त्या टी-शर्टकडे ज्या नजरेने बघते ती काही बरी नाही.

पण हे सगळं असं आपोआप आलेलं नाही. २००८ मध्ये नायमेगनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी मायफेअर क्लासिक ही चिप फोडली. इथल्या प्रवासाच्या कार्डात तेव्हा तीच होती, लंडनच्या ऑयस्टर कार्डातही तीच. चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी त्यांचा शोधनिबंध रोखायला कोर्टात गेली. अर्नहेमच्या न्यायालयाने जुलैमध्ये कंपनीची मागणी फेटाळली. म्हणणं थोडक्यात असं, की नुकसान होणार ते लेखामुळे नव्हे, सदोष चिप बनवून विकल्यामुळे. आमच्याकडे हा निकाल पहिल्याच सेमिस्टरला वाचायला देतात, क्रिप्टोग्राफीच्याही आधी. गंमत म्हणजे त्याच विद्यापीठातल्या मंडळींनी बर्मिंगहॅमच्या संशोधकाबरोबर गाड्यांच्या किल्लीतली मेगामॉस चिप फोडली तेव्हा, २०१३ मध्ये, इंग्लंडच्या हायकोर्टाने पेपर थांबवला. तो छापून आला २०१५ मध्ये, एक वाक्य गाळून. दोन वर्षं एका वाक्यासाठी! दोन देशांनी मिळून संशोधन करायचं तर दोन देशांचे कायदे मानगुटीवर बसतात, हे मला त्या पेपरने शिकवलं.

आणि डच लोक फार सोवळे आहेत अशातलाही भाग नाही. हेंक क्रोल नावाच्या इथल्या राजकारण्याने ऐकीव पासवर्ड वापरून एका वैद्यकीय प्रयोगशाळेच्या सिस्टिममध्ये लॉगिन केलं, रुग्णांच्या फाइली छापून घेतल्या आणि माध्यमांना दाखवल्या. २०१३ मध्ये त्याला ७५० युरो दंड झाला, तेव्हा तो खासदार होता. गरजेपेक्षा जास्त उघडलंस, हा ठपका. आमची मुलं "एकच नोंद उघडा आणि थांबा" हे जे घोकतात ते या खटल्यामुळे.

परवा कॉफीच्या वेळी कुणी तरी विचारलं, तुमच्याकडे असं काही शिकवतात का? मला नको तितका राग आला. म्हटलं, एखादी संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे आणि झटपट ठरवणारी पहिली रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरमधून आली, मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी. प्रत्यक्षात सगळे जुनी मिलर-राबिन चाचणीच वापरतात, हे मी सांगितलं नाही. मग अमृता विद्यापीठाच्या बायोस संघाचं सांगितलं, ज्यांची मुलं सीटीएफ, म्हणजे हॅकिंगच्या स्पर्धा गाजवतात आणि ज्युनिअरांना स्वतःच शिकवतात. मग केंद्र सरकारचा सायबर सुरक्षा शिक्षणाचा आयएसईए प्रकल्प, २००५ पासूनचा. बोलता बोलता माझा आवाज चढला. माझ्या वर्गात सत्तर मुलं होती आणि लॅबला एक असिस्टंट. इथे चोवीस मुलं, प्रत्येकाला स्वतःचं व्हर्च्युअल मशीन, मोडलं तर नवीन. एवढं असताना सौजन्य कुणालाही परवडतं. समोरचा म्हणाला, "मी फक्त विचारलं." त्याने खरंच फक्त विचारलं होतं.

माझ्या संशोधनाचा विषयही आता हाच आहे, विद्यार्थी त्रुटी कळवायला कसं शिकतात. त्यासाठी बारा मुलाखती घ्यायच्या आहेत, आणि एथिक्स कमिटीचा फॉर्म तीनदा परत आला. रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, किती दिवस, पुसणार कोण, पुसल्याची खात्री कशी करणार. या शेवटच्या प्रश्नापाशी मी बराच वेळ बसून होते. या कामाचा मला अनुभव आहे असं लिहिता येत नव्हतं.

त्या रात्री त्या स्क्रीनशॉटवाल्या मुलाला मेसेज केला. तो आता एका कंपनीत पेनटेस्टिंग करतो, म्हणजे मालकाच्या परवानगीने सिस्टिममध्ये शिरून त्रुटी शोधतो. इकडची हकिगत सांगितली, आणि शेवटी, तुला आठवतं का?

उत्तर सकाळी आलं. "आठवतं ना मॅडम. मी त्याच रात्री पोर्टलवाल्यांना मेल केला होता. नवा आयडी काढून."

विचारलं, मग?

"उत्तर नाही आलं. पण आठ-दहा दिवसांनी पोर्टल मेंटेनन्ससाठी बंद होतं. उघडलं तेव्हा बग गेला होता."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, आपण बोललोच नाही."

मुलाखत देशील का, विचारलं. देतो म्हणाला. कमिटीची परवानगी बारा मुलाखतींची आहे. तेराव्यासाठी फॉर्म पुन्हा भरायला घेतलाय.