रोज एकच शब्द का?

‘दिवसाला एकच शब्द का रे? दहा दे की. जाहिराती लाव, चार पैसे सुटतील.’ बडोद्याच्या दांडिया बाजारात भाजी घेताना, मुंजीच्या पंगतीत, गणपतीच्या आरतीनंतर माझ्या शब्दखेळाबद्दल मी हेच ऐकतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

माझा खेळ लपवलेला तीन अक्षरी मराठी शब्द ओळखण्याचा. प्रत्येक अक्षर कितपत जुळलं, ते रंगीत चौकोन सांगतो. सहा प्रयत्न, रात्री बाराला नवा शब्द. आपल्याकडे ‘पा’च्या जागी ‘पि’ लिहिलं तर ते चूक म्हणायचं की अर्धं बरोबर, हे ठरवण्यातच माझे दोन महिने गेले. व्यंजन जुळून मात्रा चुकली, की केशरी चौकोन.

पैशातलं मला कळत नाही, असं मात्र समजू नका. जॉश वॉर्डलचा ‘वर्डल’ हा असाच इंग्रजी शब्दखेळ १ नोव्हेंबर २०२१ ला ९० जण खेळले. दोन महिन्यांत खेळणारे ३ लाखांवर गेले आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो दहा लाख डॉलरहून जास्त मोजून घेतला. तसा खेळ लिहिणारे हजार सापडतील. किंमत होती ती माणूस रोज आपणहून येतो याची. सगळ्यांना एकच शब्द, आणि उत्तर न फोडता रंगीत चौकोन एकमेकांना पाठवता येतात, म्हणून तो येतो.

हे सगळं ठाऊक असून गेल्या मे महिन्यात मी ‘आणखी एक’ असं बटण दिलं. आठवडाभर आकडे चढत होते. मी खूश होतो.

माझी आत्या ७६ वर्षांची, सूरसागरजवळ एकटी राहते. सकाळी सातला, चहाच्या आधी, तिचे चौकोन घरच्या ग्रुपवर यायचे. मग पुण्याहून चुलतभाऊ, इंदूरहून वहिनी, शेवटी मी. बटण आल्यावर आत्या रात्री अकरापर्यंत बारा-बारा शब्द सोडवू लागली. प्रत्येकाचे शब्द निराळे, मग पाठवायचं तरी काय? ग्रुप गप्प झाला. दहाव्या दिवशी पहाटे ती न्हाणीघरात घसरली. कामवाल्या बाईंची त्या दिवशी सुट्टी होती. दुपारी एकला शेजारच्या बेन ताक द्यायला आल्या, तेव्हा कळलं. सात तास ती ओल्या फरशीवर पडून होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

संध्याकाळी दवाखान्यात तिने मला विचारलं, ‘आजचा शब्द काय होता रे?’ मला सांगता येईना. आजचा असा शब्दच उरला नव्हता.

त्याच रात्री बटण काढलं.

तुम्ही म्हणाल, यात खेळाचा काय दोष, फोन करायला नको होता का? हवा होता. एकच शब्द ठेवला असता तरी त्या दिवशी माझं लक्ष गेलं असतंच, हेही छातीठोक सांगवत नाही. आणि माणसांना हवं ते द्यावं म्हणणारा मे महिन्यातला मी अगदीच चुकीचा नव्हतो. कारेलीबागेतल्या एका बाईंनी कळवलं होतं, नवऱ्याच्या उशाशी रात्र काढताना त्या जास्तीच्या शब्दांचा आधार वाटायचा. बटण का काढलंत, असं त्यांनी विचारलं. मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.

सर्व्हरचा खर्च मी खिशातून भरतो. पुढच्या वर्षी जमेल की नाही, पाहू. आत्या आता वॉकर घेऊन चालते. सातला चौकोन येतात. सव्वासात झाले, की मी फोन लावतो.