बागेच्या दारात पन्ह्याची गाडी : माझा अनुभव

उन्हाळ्यात बागेपाशी गाडी लावायची म्हटलं की भर दुपारचा धंदा डोळ्यांसमोर येतो. पण पुण्यातल्या महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंदच असतात. गिऱ्हाईक येतं सकाळी फिरायला आणि संध्याकाळी पोरांना घेऊन. सकाळच्या माणसाला गोड नको असतं, त्याला ताक द्यावं. पन्हं आणि कोकम सरबत खपतं ते संध्याकाळी. म्हणून आम्ही माल दोन वेळा, वेगवेगळा भरतो.

कागदपत्रांचं आधी बघा, गाडी नंतर घ्या. बागेच्या आत वाटेल तिथे गाडी लावता येत नाही. दाराबाहेर विकायला 2014 च्या फेरीवाला कायद्याखालचं प्रमाणपत्र लागतं. आमची गाडी सासूबाईंच्या प्रमाणपत्रावर चालते, कारण त्या कायद्यात धंदा स्वतः किंवा घरच्या माणसाने करायचा असतो. जागा भाड्याने देता येत नाही. "माझ्या नावावर लाव, महिन्याला एवढे दे" असं कुणी म्हणालं तर चक्क नाही म्हणा. कारवाई झाली की गाडी तुमची जाते आणि प्रमाणपत्र त्याचं. अन्नसुरक्षेची नोंदणी ऑनलाइन झाली, फोटो आणि ओळखपत्रावर. तिचा नंबर गाडीवर दिसेल असा लावलाय.

आता पन्हं. एक किलो कैरीचा देठ कापून ती तासभर पाण्यात ठेवायची, नाहीतर चिकाचा तुरटपणा घशाला लागतो. मग कुकरमध्ये कोरड्या डब्यात उकडायची. थेट पाण्यात उकडली की आंबटपणा त्या पाण्यात उतरतो. साल-कोय काढून साधारण 600 ग्रॅम गर निघतो. त्याला 750 ग्रॅम गूळ, अर्धी वाटी पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळलेला. गाळायचा कंटाळा करू नका, तळाला वाळू बसते आणि शेवटच्या ग्लासात ती दाताखाली येते. दोन चमचे मीठ, वेलदोडा. हे झालं पन्ह्याचं मूळ, म्हणजे पाणी घालायच्या आधीचं घट्ट मिश्रण. एवढ्या मुळात 200 मिलीचे वीस ग्लास होतात, ग्लासाला साधारण 70 ग्रॅम मूळ. तोतापुरीला गूळ कमी लागतो, पण पन्ह्याला हवा तो ठसका तिच्यात नाही. भांडं स्टीलचंच. बिनकल्हईच्या पितळेत पन्हं, कोकम, ताक सगळंच कळकतं.

मूळ लिटर-लिटरच्या बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवतो आणि गाडीवर लागेल तेवढ्याच बाटल्या नेतो. उघडलेली बाटली परत मोठ्या साठ्यात ओतायची नाही. झाकण काढताना फस्स झालं, वर बारीक फेस दिसला, तर चव न बघता ओतून द्यायचं.

कोकमात बहुतेकांची चूक मिठाची होते. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ आधीच असतं, त्यात वरून घातलं की सरबत तोंडात धरवत नाही. अमृत कोकमात साखर असते, ते एकाला पाच-सहा पाणी घालून चालतं. सोलकढीचा मोह मात्र टाळा, नारळाचं दूध उन्हात तासा-दोन तासांत वास मारतं. ताकाला एक किलो दह्याला दोन लिटर पाणी पुरे, आलं-जिरं-मीठ गाडीवर घालायचं. सकाळचं उरलेलं ताक संध्याकाळी आंबलेलं असतं, ते विकू नये.

सगळा धंदा तरतो किंवा बुडतो बर्फावर. नळाचं पाणी उन्हाळ्यात 32 अंशांच्या आसपास असतं. 200 मिली सरबत तिथून 8 अंशांवर आणायला साधारण 55 ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. तेच पाणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून 15 अंशांवर गाडीवर आलं तर 16-17 ग्रॅम पुरतो. साठ ग्लासांना सव्वातीन किलोऐवजी एक किलो! पेटी उघडझाप केल्याने वाया जातो तो वेगळा. बर्फ ग्लासात टाकायचा नाही, चव पातळ होते. सरबताचं पिंप बर्फात ठेवायचं, आणि त्या बर्फात तांब्याभर पाणी ओतायचं. नुसत्या खड्यांमध्ये हवा राहते, पिंपाला बर्फ जेमतेम ठिकठिकाणी टेकतो. पाणी ओतलं की गारवा पिंपाला सगळीकडून भिडतो आणि दहा मिनिटांत बाहेरून दव धरतं. बर्फ खाण्याचाच घ्या. जो खाण्यासाठी नाही त्यात निळा रंग घालायचा नियम राज्यात 2018 पासून आहे, तरी पांढरा दिसला म्हणून विश्वास ठेवू नका, कारखान्याचं बिल मागा. याच कारणाने आम्ही गोळा ठेवला नाही. गोळ्यात बर्फच पोटात जातो, आणि तो किसताना हात, फडकं, रंधा सगळं त्याला लागतं.

एकदा वापरून फेकायचे प्लॅस्टिकचे ग्लास आणि स्ट्रॉ 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत. आम्ही चाळीस स्टीलचे ग्लास आणि तीन बादल्या ठेवतो: पहिलीत साबण, दुसरीत खळखळून, तिसरीत शेवटचं स्वच्छ पाणी. तिसरी बादली गढूळ दिसण्याआधी बदलायची, साधारण वीस ग्लासांमागे. प्यायचं पाणी एका वीस लिटरच्या जारमध्ये भागतं, धुण्याला त्याच्या तिप्पट जातं. बागेपाशी नळ नसेल तर हे पाणी घरून वाहून आणावं लागतं, म्हणून गाडीची चाकं सायकलची नकोत, जाड घ्या.

जोडीला कैरीच्या फोडी, तिखट-मीठ लावून. कापून ठेवायच्या नाहीत, गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावरच चिरायच्या. माशीही बसत नाही, आणि कैरी चिरल्याचा तो आंबट वास चार पावलांवरून माणसं ओढून आणतो.