सकाळ, पाच-दहा शिलिंगांची

नैरोबीत बाराही महिने सूर्य साडेसहाच्या आगेमागेच उगवतो. विषुववृत्त हाकेच्या अंतरावर असल्याचा परिणाम. किबेरा ही तिथली मोठी झोपडपट्टी मात्र त्याची वाट बघत बसत नाही. पाचच्या सुमारास पत्र्याच्या भिंतींमधून खोकणं, कड्या काढणं, कुणाचा तरी रेडिओ असं सगळं सुरू होतं. शहर सतराशे मीटरच्या वर, त्यामुळे जुलैत तर चांगलीच हुडहुडी भरते.

नोकरीनिमित्त मी त्या शहरात राहत होतो. वस्ती ‘बघायला’ कॅमेरे घेऊन येणाऱ्यांबद्दल मला पहिल्यापासून अढी. पण ऑफिसातल्या एका सोबत्याची आई तिथे मंदाझी तळायची, त्यामुळे माझं जाणं-येणं झालं. पत्र्याची शेगडी, आत भाजक्या मातीचं अस्तर, वर कढई. गोडसर पिठाचे तिकोनी तुकडे तेलात पडले की टम्म फुगतात. 2017 साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली; आता वर्तमानपत्राच्या कागदात मिळतात. शेजारच्या तव्यावर चपाती. मैद्याची, जाडसर, पदर सुटलेली. रेल्वे बांधायला 1896 पासून हिंदुस्तानातून मजूर आले, त्यांच्यामागून दुकानदार आले आणि चपाती तिथलीच होऊन गेली. (आपल्या घडीच्या पोळीची सर नाही, पण ते तिथे बोलायची सोय नव्हती.)

सगळा बाजार सुटा. पाणी वीस लिटरच्या पिवळ्या कॅनने, कोळसा डब्याच्या मापाने, तेल आपल्या बाटलीत चार घोट, साखर पुडीत. मजुरी रोजची, म्हणून खरेदीही रोजची. आणि हेच महाग पडतं. बंगल्यातल्या नळापेक्षा कॅनचं पाणी कितीतरी पट महाग, त्यात नळ आटले की भाव आणखी चढतो. गरिबाला म्हणे स्वस्तात भागवता येतं!

सातला उजेड लख्ख असतो. स्वाहिली घड्याळात तेव्हा दिवसाचा पहिला तास भरून एक वाजतो, पण अर्धी वस्ती त्याआधीच बाहेर पडलेली असते. मटाटूचं, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसचं, भाडं वाचवायला माणसं रेल्वेच्या रुळांवरून रांगेने इंडस्ट्रियल एरियाकडे चालत निघतात. बूट मात्र पुसलेले. चिखलाच्या दिवसांत काही जण ते पिशवीत घालून नेतात.

मी एकदा सोबत्याच्या आईला विचारलं, कोळशाची अख्खी गोणी का घेत नाही? स्वस्त नाही का पडणार?

‘‘दहा बाय दहाच्या खोलीत गोणी झोपवू की पोरं?’’ ती म्हणाली. ‘‘शिवाय गोणी दिसली की गल्लीतले सगळे उसना कोळसा मागायला येतात. डब्याकडे कोण बघतंय?’’ मग झाऱ्याने मंदाझी उलटवत तिने माझ्याकडे पाहिलं. ‘‘आणि घाऊक खरेदीच्या गोष्टी सांगणाऱ्या बाबा, तू रोज एकच का घेतोस?’’