नेपाळच्या मिशन सहलीला निघताय? दसऱ्यात जाऊ नका आणि दाउन्नेचा घाट रात्री ओलांडू नका

आम्ही अकरा जण गेलो होतो. बेळगाव कॅम्प, खानापूर आणि निपाणीच्या ख्रिस्ती मंडळ्यांतली (चर्चमधली) कॉलेजची मुलं, सगळी एकोणीस ते बावीसमधली. पैसे भरताना जे सांगितलं आणि तिथं जे निघालं, त्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. पुढच्या तुकडीला तेच भोगायला लागू नये म्हणून लिहितेय. परत येऊन चारच दिवस झालेत, कंबर अजून सरळ होत नाही.

आधी पैशाचं. नेऊन आणणाऱ्यांनी माणशी २४,००० घेतले. मी वहीत रोज हिशेब लिहिला. स्लीपरची जायची-यायची तिकिटं, बस, जीप, पोखऱ्याचं लॉज, जेवणखाण असं सगळं धरून माणशी साडेदहा हजारांच्या वर गेलं नाही. ज्या मंडळीनं आम्हाला सहा दिवस सांभाळलं, त्यांच्या हातात सगळ्यांचे मिळून १५,००० नेपाळी रुपये पडले. म्हणजे आपले ९,३७५, माणशी साडेआठशे. बाकीचं कुठं गेलं, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. घरोघरी फिरून, ख्रिसमसचे केक आगाऊ विकून जमवलेले पैसे होते ते. म्हणून पैसे भरायच्या आधी एकच विचारा : यातले किती यजमान मंडळीला जाणार? लेखी सांगत नसतील तर जाऊ नका.

जायची वाट सोपी आहे. बेळगावातून गोवा एक्स्प्रेसनं झाशी, तिथून दुसरी गाडी पकडून गोरखपूर, पुढं तीन तासांच्या बसनं सोनौली. सीमा चालतच ओलांडायची, व्हिसा लागत नाही. पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवंच. आमच्यातल्या दोघांकडं नुसतं आधार होतं. एकोणिसाव्या वर्षी कितीजणांनी मतदार यादीत नाव घातलेलं असतं? पायी गेलो म्हणून कुणी अडवलं नाही, पण विमानानं जाणार असाल तर आधारावर सोडत नाहीत. १०० रुपयांच्या नोटा भरपूर न्या. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हा भाव १९९३ पासून ठरलेला आहे. सोनौलीच्या दलालानं आम्हाला १५० नं दिले आणि आम्ही मुकाट्यानं घेतले. तुम्ही घेऊ नका, पुढच्या दुकानात जा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करा.

आता दसरा. "सुट्टीत चला, शाळेत इंग्रजी शिकवायचं आहे," असं आम्हाला सांगितलं होतं. नेपाळमध्ये दशैं हा वर्षातला सगळ्यात मोठा सण, शाळा बंद. आमचे तक्ते, खडू, गोष्टींची चित्रं सगळं पिशवीतच राहिलं. वर आपल्या देशात कामाला आलेले हजारो नेपाळी भाऊ त्याच आठवड्यात घरी जायला निघतात. सोनौलीपलीकडं भैरहवाच्या बसथांब्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. ब्लँकेटांची बोचकी, प्रेशर कुकर, कडेवर पोरं. बस मिळालीच नाही. बुटवलपर्यंत कसेबसे पोचलो आणि तिथं माणशी १,२०० नेपाळी ठरवून जीप केली. तीही संध्याकाळी पाचला, आणि ही आमची सगळ्यात मोठी चूक.

बुटवल ते नारायणगढ हा ११३ किलोमीटरचा रस्ता रुंद करायचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलंय. मधे दाउन्नेचा घाट लागतो. आपल्या चोर्ला घाटातल्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांची सवय आहे म्हणून मी निर्धास्त होते. पण दाउन्नेला खड्डे नाहीत, रस्ताच नाही. डोंगर कापून काढलेली माती, आदल्या दिवशीच्या पावसानं तिचा झालेला गिलावा, आणि त्यात रुतलेला एक टँकर. त्याच्या मागं आम्ही रात्री आठ ते पहाटे तीन, सात तास. खिडकी उघडली की धूर, लावली की कुबट. मुलींनी लघवीला कुठं जायचं? एका बाजूला कापलेली दरड, दुसऱ्या बाजूला अंधार आणि मोटरसायकलवाले. शेवटी चौघींनी दोन चादरी धरल्या. दोन चादरी हाताशी ठेवा, बॅग जीपच्या टपावर गेली की त्या मिळत नाहीत. टँकर निघाल्यावर ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि माणशी २,५०० मागितले. पहाटे तीनला जंगलात काय बोलणार? दिले. निपाणीचा आमचा एक जण कधी रडत नाही, तो त्या वेळी रडला.

येताना सकाळी सहाला निघालो आणि तोच घाट दीड तासात पार झाला. दुपारी बारानंतर त्या रस्त्याला लागूच नका. उशीर झाला तर बुटवलला राहा.

पुढं नारायणगढहून मुगलिङपर्यंत त्रिशूली नदीच्या काठानं रस्ता आहे. मग गोरखा जिल्हा. २०१५ च्या भूकंपाचं केंद्र याच जिल्ह्यात होतं.

आणि आता खरी गोष्ट. निघताना आम्हाला ख्रिस्ती धर्मप्रचाराच्या हिंदी पत्रिकांचे गठ्ठे दिले होते, "वाटेत वाटा" म्हणून. यजमान मंडळीच्या गावी पोचल्यावर पाळकदाईंनी (दाई म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ) माझी पिशवी घेतली, गठ्ठा दिसला, आणि त्यांचा चेहरा उतरला. पडवीत मक्याची कणसं रचून ठेवली होती. त्यांनी काही न बोलता चार-पाच थर काढले, गठ्ठा खाली घातला आणि कणसं परत एकेक करून लावली. मग चहा देताना म्हणाले, "तुम्ही निघून जाल बहिनी. आम्ही इथंच आहोत."

नेपाळच्या २०१५ च्या संविधानात, कलम २६ मध्ये, दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या अपराध संहितेच्या कलम १५८ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. आपण भारतीयही त्यात परदेशीच. हे आम्हाला एकानंही सांगितलं नव्हतं. याचा राग प्रवासाच्या त्रासापेक्षा जास्त आहे, कारण पकडले गेलो असतो तर आपल्याबरोबर ज्यांच्या घरी राहिलो त्यांनाही ओढलं असतं. २०२१ च्या जनगणनेत तिथं ख्रिस्ती १.७६ टक्के. गावात त्यांची सात घरं. शेजारी टिका लावून येत-जात होते, नातं टिकवून होते. त्यात आम्ही चौकात उभं राहून पत्रिका वाटल्या असत्या तर? तेव्हा एकही पत्रिका नेऊ नका. फोटो टाकताना गावाचं नाव आणि पाळकांचा चेहरा देऊ नका.

उपासना शनिवारी असते, कारण तिथं साप्ताहिक सुट्टी शनिवारची. चपला बाहेर, सगळे जमिनीवर. "जयमसीह" म्हणायचं. मादल (तिथला हातानं वाजवायचा ढोल) वाजायला लागल्यावर आमच्या खानापूरच्या पोरानं बोटांनीच ताल धरला, तर म्हाताऱ्या आजींनी मादल उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. आम्ही मराठी भजन म्हटलं. पाट्या देवनागरीत असल्यामुळं सगळं वाचता येत होतं. पाटी कन्नडमध्ये की मराठीत यावरून आमच्या गावात काय काय होत असतं ते आठवलं आणि परक्या देशात पाटी वाचता येते याचं मला फार बरं वाटलं.

पोखऱ्याचे दोन दिवस छान गेले.

भेट म्हणून गोकाकचं करदंट (गूळ आणि सुक्या मेव्याची मिठाई) न्या. बेळगावचा कुंदा (दुधाची मिठाई) आम्ही नेला होता, तो चौथ्या दिवशी आंबला.

काल पाळकदाईंशी बोलले. फेब्रुवारीत शाळा चालू असते, रस्ता कोरडा असतो, आणि त्यांना भूकंपात पडलेली शाळेमागची भिंत उभी करायची आहे, दगड वाहायला माणसं हवीत. मधे कुणी नको, खर्च आपला आपण करायचा, जेवणाचे पैसे थेट त्यांच्या हातात. पाच नावं झालीत. ज्यांना दगड उचलायची तयारी आहे त्यांनी मतदार ओळखपत्राचा अर्ज आजच करावा.