पत्र्यावर चिकटवलेल्या नोटिसा

फॉर्म सातचा, म्हणजे मतदार यादीतलं नाव वगळा म्हणणाऱ्या अर्जांचा, गठ्ठा हातात पडला तेव्हाच खटकलं होतं. सगळे अर्ज एकाच इमारतीतल्या मतदारांविरुद्ध, हस्ताक्षर एकच, कारणही एकच: अनुपस्थित, कायमचे स्थलांतरित.

इमारत ठाण्यात वागळे इस्टेटजवळची, पुनर्विकासाला गेलेली. गेले तर निळे पत्रे, आत खड्डा आणि एक वॉचमन. म्हणजे हरकत घेणारा अगदीच खोटं बोलत नव्हता.

मी शिक्षिका आहे, सोबत बीएलओ, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणारी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. आता मतदार नोंदणीला वर्षातून चार पात्रता तारखा असतात, त्यामुळे हे काम कधी संपतच नाही. शिक्षकांना ते सुट्टीत किंवा शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितलं. आमच्या ग्रुपवर मेसेज येतात ते गणिताच्या तासाला, आणि खाली कलम ३२ च्या, म्हणजे यादीच्या कामात कसूर केल्याबद्दलच्या, कारवाईची आठवण.

तर नोटिसा. त्या यादीतल्या पत्त्यावर बजावायच्या, आणि पत्ता म्हणजे तो खड्डा. पत्र्यावर चिकटवल्या, पंचनामा केला, पंच म्हणून वॉचमन आणि समोरचा झेरॉक्सवाला. कागदोपत्री काम फत्ते. पण नाव वगळण्याआधी माणसाला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्या, असं कायदा म्हणतो. १९९५ साली लाल बाबू हुसेन खटल्यात, नागरिकत्वाच्या वादात, सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की आधीपासून यादीत असलेलं नाव रीतसरच लागलंय असं धरून चाला. बदलापूरला राहणारा माणूस वागळेतला पत्रा वाचायला येणार आहे थोडाच? सोसायटीच्या सेक्रेटरींकडून नंबर मिळवले आणि रोज संध्याकाळी फोन लावत बसले.

बहुतेक खोलीमालक कळव्याला, दिव्याला भाड्याने. बिल्डरशी करारनामा आहे, परत येणार आहेत. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० त्यांच्या बाजूने आहे: तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास तुटत नाही. त्याच कलमात असंही आहे की नुसतं घर मालकीचं म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. एका ताईंनी मोकळेपणाने सांगितलं, बदलापूरला फ्लॅट घेतलाय, मुलांची शाळा तिथेच, इकडची खोली मिळाली की भाड्याने देणार. करारनामा मात्र त्यांचाही भक्कम.

आणि इस्त्रीवाले काका. ते त्या इमारतीत भाडेकरू. मालकाने डिपॉझिट परत केलं, विषय संपला. नवीन खोली नाही, करारनामा नाही. बायको-मुलं दिव्यात, टपरी मात्र त्याच गल्लीत, पत्र्यांना लागून.

बेघर मतदाराकडे पत्त्याचा कागद मागायचा नसतो. बीएलओने रात्री जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते बघायचं, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. हा नियम मला फार आवडतो. नवऱ्याला घेऊन रात्री अकराच्या पुढे गेले. इस्त्रीच्या टेबलावरची जळके डाग पडलेली जाड चादर खाली अंथरलेली, कोळशाची इस्त्री दारात टेकवलेली, उशाशी लोकांच्या कपड्यांची गाठोडी.

"बाई, एवढ्या रात्री? साडी अर्जंट आहे का?"

नाव दिव्याला हलवायचं का, विचारलं. म्हणाले, "तिकडे मी रविवारी जातो. तिथल्या नगरसेवकाचं नावही माहीत नाही मला."

अहवालात ताईंबद्दल आणि काकांबद्दल जे दिसलं ते वेगवेगळं लिहिलं. सुनावणीला हरकत घेणारा फिरकलाच नाही. नोंदणी अधिकाऱ्यांनी सगळे अर्ज सरसकट फेटाळले. काकांचं नाव राहिलं, ताईंचंही. शेजारच्या भागाचे बीएलओ म्हणाले, "फेटाळलं ना? मग डोकं कशाला लावता?" त्यांच्या यादीत कधीच वारलेली माणसं अजून मतदार आहेत, नातेवाईक फॉर्म भरून देत नाहीत म्हणे. नातेवाईक देत नाहीत हे खरंय. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स मागितली की लोकांना वाटतं बाईंना वारसाहक्कात रस आहे.

मला ताईंचं नाव टोचतं. राज्यघटनेच्या कलम ३२६ ने प्रत्येक सज्ञान नागरिकाला मत दिलंय, ते त्यांचंही आहे, पण ते बदलापूरला. त्यांना तिथे नोंदवून घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "बघू, बिल्डिंग झाल्यावर."

काकांचा पत्ता बदलायचा फॉर्म आठ भरलाय, टपरीच्या पत्त्याचा. टपरीला नंबर नाही. काल्पनिक क्रमांक टाका म्हणतात, आणि शून्य टाकला की टीव्हीवर बोगस मतदार म्हणून झळकतो. घर क्रमांकाच्या रकान्यात मी 'जुन्या इमारतीसमोरची टपरी' लिहिलं. ऑपरेटरने अर्ज परत पाठवलाय.